घरात फोन आहे. पण सहावी-सातवीच्या मुलांच्या हातात तो किती वेळ येतो?

ओढ्याकाठची

पुण्यात पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत आम्ही चौघीजणी संध्याकाळचा अभ्यासवर्ग घेतो. पाचवी ते आठवीची मुलं येतात. काही महापालिकेच्या शाळेतली, काही अनुदानित शाळेतली, काही शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, पंचवीस टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेली. ऑनलाइन अभ्यासाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता काय, वस्तीतसुद्धा घरोघरी स्मार्टफोन आहेत." हा धागा त्या वाक्यासाठी काढतेय.

फोन वाढले, हे खरंच आहे. 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०१८ साली ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, २०२१ मध्ये तो आकडा ६७.६ वर गेला. पण २०२१च्याच अहवालात असंही आहे की घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायलाच मिळत नव्हता. शिवाय 'असर' ग्रामीण भागात होतो. जनता वसाहत, ताडीवाला रोड, लोहियानगर, पाटील इस्टेट या पुण्यातल्या वस्त्यांतलं कुणीच त्यात मोजलेलं नाही. शहरातल्या गरीब घरांबद्दल सांगते ती ज्याँ द्रेज, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये केलेली 'स्कूल' पाहणी. तिच्यात नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं खेड्यात ८ टक्के आणि शहरात २४ टक्के निघाली. शहरात रेंज होती, फोनही होते, तरी चार मुलांत जेमतेम एक.

आमच्या वस्तीत फोनचा दिवस असा जातो. वडील रिक्षा चालवतात किंवा डिलिव्हरी करतात, म्हणजे फोन हेच त्यांचं दुकान. तो सकाळी त्यांच्याबरोबर जातो. आई चार घरची कामं करते. दुसरा फोन असलाच तर तो तिच्याजवळ, कारण "आज लवकर ये", "आज येऊ नकोस" हे तिला त्यावरच कळतं. शाळेच्या ग्रुपवर अभ्यास पडतो दुपारी तीन-चारला. फोन घरी येतो रात्री साडेआठ-नऊला, चार्जिंग संपत आलेला. थोडा चार्ज झाला की दहावीतला भाऊ घेतो, त्याचं बोर्डाचं वर्ष. सहावीतल्या मुलीची पाळी येईपर्यंत अकरा वाजलेले असतात आणि दिवसाचं दीड जीबी संपलेलं असतं. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले, जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २३९ वरून २९९ झाला. तेव्हापासून दोन फोन असलेल्या घरांतही बरेचदा एकाच फोनला रिचार्ज मारतात आणि दुसरा हॉटस्पॉटवर चालतो, तोही दोन्ही फोन एका खोलीत असतील तेव्हाच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की शाळांनी 'घरी फोन आहे का?' हा प्रश्न विचारू नये. 'चार ते आठ या वेळात फोन तुझ्या हातात असतो का, आणि त्यात नेट असतं का?' असं विचारावं. आम्ही वर्गात तसं विचारलं, तेव्हा फार थोडे हात वर गेले आणि त्यात मुली जवळजवळ नव्हत्या.

सहावी ते आठवीबद्दलच का बोलतेय तेही सांगते. टॅब वगैरे योजना आहेत त्या बहुतेक दहावीनंतर, उदाहरणार्थ महाज्योती ही राज्य सरकारची संस्था जेईई-नीट-सीईटीच्या तयारीसाठी देते ते. पहिली-दुसरीत बाई समोर बसून करून घेतात. मधल्या तीन वर्षांत मात्र बीजगणित सुरू होतं, सेमी-इंग्रजीच्या मुलांना विज्ञान इंग्रजीतून येतं, "यूट्यूबवर बघून प्रकल्प करा" सुरू होतं, आणि घरात मदत करणारं कुणी उरत नाही, कारण आईवडिलांची शाळा साधारण तिथंच सुटलेली असते.

तुमच्या भागात काय चालतं? शाळा काय करतात? जे खरोखर चाललंय ते लिहा, म्हणजे आम्हालाही उचलता येईल.


खडूफळा

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. मी महापालिकेच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवते.

२०२० च्या उन्हाळ्यात कुमठेकर रोडच्या एससीईआरटीकडून, म्हणजे राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेकडून, 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही अभ्यासमाला रोज यायची. इयत्तेवार लिंक, दीक्षा या सरकारी ॲपवरचे व्हिडिओ. साहित्य मनापासून केलेलं होतं, मी त्यातलं अजूनही वापरते. पण ग्रुपवर टाकलं की निळ्या टिका यायच्या त्या पालकांच्या, रात्री. मुलानं बघितलं की नाही ते कळायला मार्ग नव्हता. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, पहिली ते आठवीसाठी, बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली. माझा अनुभव असा की ती आमच्या मुलांपर्यंत ॲपपेक्षा जास्त पोचली, कारण टीव्ही घरातून बाहेर जात नाही. अडचण एकच, टीव्हीला शंका विचारता येत नाही.

शहरात पाचवी ते सातवीची मुलं, मधले काही आठवडे सोडले तर, मार्च २०२० पासून २०२१ च्या अखेरीपर्यंत वर्गाबाहेर होती. परत आली तेव्हा मी सातवीला एक साधा भागाकार घातला. मागच्या बाकावरच्या एका मुलानं वहीच्या समासात आठचा पाढा उभा लिहायला घेतला. पाढा येत नव्हता, म्हणून तो प्रत्येक ओळीला बोटांवर आठ मिळवत होता. छप्पन्नवर चुकला, सत्तावन्न लिहिलं, आणि तिथून पुढचं सगळंच चुकत गेलं. त्याला भागाकाराची रीत येत होती! चौथीत शिकवलेली रीत पक्की होती, मधला पाढा तेवढा निसटला होता. असं मूल स्क्रीनवर बघून कळत नाही, शेजारी उभं राहूनच कळतं.

आता मी काय करते: अभ्यास फळ्यावर देते, मुलं वहीत उतरवून नेतात. ग्रुपवर फक्त सूचना, त्याही बोलून पाठवलेल्या, एका मिनिटाच्या आत, कारण बऱ्याच पालकांना लांब मजकूर वाचायला त्रास होतो. व्हिडिओ दाखवायचाच असेल तर शाळेत, माझ्या फोनवर आधीच उतरवून ठेवलेला. ग्रुपवर टाकलेल्या गोष्टीवरून दुसऱ्या दिवशी कुणालाही उभं करत नाही.


बाणेर_टेकडी

वाचून अस्वस्थ व्हायला झालं. मी आयटीत आहे. आमच्या कंपनीत दर काही वर्षांनी लॅपटॉप बदलतात आणि जुने भंगारात जातात. ते मिळवून वस्तीतल्या मुलांना वाटले तर? परवानगी काढायची माझी तयारी आहे.


दुरुस्तीवाला

लॅपटॉपच्या आधी दोन शब्द लिहितो. येरवड्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, ताई म्हणतात तेच फोन माझ्या काउंटरवर येतात.

घरातला जो फोन मुलाच्या वाट्याला येतो तो सहसा सगळ्यात जुना. दोन जीबी रॅम, सोळा जीबी मेमरी, त्यातली बारा-तेरा व्हॉट्सॲपनं आणि सिस्टीमनं खाल्लेली. शाळेचं नवं ॲप टाकायला गेलं की जागा नाही म्हणतो, नाहीतर अँड्रॉइड जुनं म्हणून ॲपच दिसत नाही. बॅटरी फुगलेली, मागचं झाकण रबर लावून बसवलेलं. चार्जिंगची पिन सैल, मग वायर एका विशिष्ट कोनात धरून ठेवायची. एक आई मुलाला घेऊन आली होती, त्याला प्रश्नोत्तरं लिहून पाठवायची होती आणि डिस्प्लेच्या खालच्या पट्टीला टच लागत नव्हता. कीबोर्ड खालीच असतो. तो फोन आडवा करून, अर्धा कीबोर्ड जिथं चालतो तिथं सरकवून टाइप करायचा. त्या फोनची किंमत नव्या डिस्प्लेपेक्षा कमी होती.

हप्त्यावरचे फोन ही आणखी एक गोष्ट. हप्ता चुकला की फायनान्सवाले फोन लॉक करतात. पाहणीत तो 'घरी स्मार्टफोन आहे' असाच धरला जात असणार.

लॅपटॉप जरूर आणा साहेब, पण घरोघरी वाटू नका. बॅटरी उतरलेली असते, चार्जर हरवला की संपलं, आणि नेट कुठून आणणार? पत्र्याच्या घरात पाऊस गळतो, ठेवायला कोरडी जागा नसते. वाटलेल्या वस्तू मी पाच-सहा महिन्यांनी माझ्या दुकानात विकायला आलेल्या बघितल्यात, आणि त्या आईबापांना मी दोष देत नाही. घरात आजारपण निघालं की विकण्यासारखी वस्तू तीच असते. एका जागी ठेवा, साखळी लावा, कुणीतरी जबाबदार माणूस बसवा. दुरुस्ती मी करीन, फक्त सुट्या भागांचे पैसे घेईन.


सहावीची_आई

मी बोलून टाइप करते, चुका झाल्या तर समजून घ्या.

मी स्वयंपाकाची कामं करते. माझी मुलगी आरटीईमधून इंग्लिश मीडियमला आहे, सहावीला. फॉर्म भरताना नकाशावर घराची खूण करायची होती, ती मला येईना, सायबर कॅफेवाल्या दादांनी लावली. नंबर लागला तेव्हा वाटलं, आता पोरीचं झालं. फी नाही हे खरं आहे. पण शाळेचं सगळं ॲपवर असतं. डायरी ॲपवर, अभ्यास ॲपवर, परीक्षेचं वेळापत्रक ॲपवर. पाऊस जास्त झाला आणि सुट्टी मिळाली की घरून तास. मागे सूर्यमालेचं पीपीटी करून आणायचं होतं. वर्गातल्या मुलांनी लॅपटॉपवर केलं. माझ्या मुलीनं मी काम करते त्या बिल्डिंगच्या जिन्यात बसून माझ्या फोनवर केलं. वरच्या मॅडमनी वायफायचा पासवर्ड दिलाय, तो दुसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत येतो. तिनं शनीची कडी बोटानं काढली, तीन वेळा पुसून. मार्क चांगले पडले.

मला एवढंच विचारायचं आहे, शाळेला सांगितलं की आमच्याकडे एकच फोन आहे आणि तो दिवसभर माझ्याजवळ असतो, तर मुलीवर काही राग निघेल का? आठवीपर्यंतच आरटीई आहे, मला भांडण नकोय.


पुस्तकवेडा_आजोबा

मी चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. माझं मत वेगळं आहे, पण कळकळीनं मांडतो. या वयाच्या मुलांच्या हाती फोन नाही हे मला त्यांचं नशीब वाटतं. बाल्कनीवाल्या घरांतली मुलं फोनपायी झोप आणि नजर घालवून बसली आहेत. गरीब घरांतल्या मुलांना आपण तेच का मिळवून द्यायचं? त्यांना पुस्तकं द्या, वाचनालय द्या, गणित करून घेणारा माणूस द्या. शाळेनं अभ्यास वहीत द्यावा, प्रश्न तिथंच मिटतो.


ओढ्याकाठची

आजोबा, तुमच्या प्रत्येक मागणीला माझी सही. माणूस हवाच, खडूफळाताईंनी लिहिलंय ते त्याचंच उदाहरण. मुलांना स्वतंत्र फोन मिळावा असं मीही म्हणत नाही.

पण प्रश्न वहीपाशी मिटत नाही. आठवीत एनएमएमएस ही केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते. उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या घरांतल्या मुलांसाठी, सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आमच्या मुलांसाठी हे फार मोठे पैसे आहेत. परीक्षा होते कागदावर, राज्य परीक्षा परिषद घेते. पण निवड झाल्यावर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर नोंदणी करावी लागते, ओटीपी येतो, फोनवरून चेहऱ्याची पडताळणी होते, आणि अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण. आमच्या एका मुलीच्या आधारला वडिलांचा जुना नंबर जोडलेला होता. रिचार्ज न केल्यानं तो कधीच बंद पडला होता. आधार केंद्राची रांग, वडिलांचा बुडालेला रोज, मग पुन्हा पोर्टल. शेवटच्या तारखेच्या आत जमलं, पण आमच्यापैकी एकजण सतत मागे लागली होती म्हणून. जिच्यामागे कुणी लागणारं नाही तिनं परीक्षा पास होऊनही पैसे सोडायचे का? अभ्यास तुम्ही वहीत आणाल आजोबा, पण हक्काचे पैसे, प्रवेश, दाखले हे सगळं फोनमध्ये गेलंय आणि ते वहीत परत येणार नाही.

सहावीच्या आई, तुमच्या प्रश्नाला कायद्याचं कळणाऱ्या कुणी उत्तर द्याल का?


कलम_तीन

देतो. ताई, शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम ३(२) मध्ये असं आहे की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवीपर्यंतचं, घेण्यात आणि पूर्ण करण्यात अडसर होईल असं कोणतंही शुल्क किंवा खर्च मुलावर लादता येणार नाही. 'फी' एवढाच शब्द नाही तिथं, खर्चही आहे. कलम १२(१)(ग) खाली, म्हणजे त्या पंचवीस टक्के जागांतून, प्रवेश मिळालेल्या मुलीशी भेदभाव करायलाही कायद्यात मनाई आहे. म्हणजे तुम्ही मागताय ती मेहेरबानी नाही.

न्यायालयंही यावर बोलली आहेत. केरळ उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१९ मध्ये इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये आर्थिक दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांना ऑनलाइन तासांसाठी साधनं आणि इंटरनेट द्या, असं शाळांना सांगितलं. त्या आदेशाला पुढे स्थगिती मिळाली, पण ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या मुलांना वाऱ्यावर सोडता येणार नाही, या अर्थाची भूमिका घेऊन दिल्ली सरकारला आराखडा करायला सांगितलं. हे सगळं दिल्ली-केरळचं आहे, पुण्यातल्या शाळेवर ते आदेश थेट चालत नाहीत. पण पत्रात दाखला देता येतो.

पत्र भांडणाचं नको. 'घरी एकच फोन असून तो कामावर जातो, तरी अभ्यास आणि सूचना मुलीच्या डायरीत लिहून द्याव्यात, प्रकल्प हाताने केलेला चालावा' एवढंच. दोन प्रती करा, एकीवर शाळेची पोच घ्या. एकटीनं देऊ नका, त्याच शाळेतल्या आरटीईच्या आणखी दोन-तीन पालकांच्या सह्या घ्या, म्हणजे एका मुलीवर डोळा राहत नाही. मसुदा मी मराठीत करून इथंच टाकतो.

महापालिकेच्या शाळेतल्या पालकांसाठी वेगळा रस्ता आहे, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. अभ्यास ग्रुपवर द्यायचा की फळ्यावर, हा विषय तिथं मांडता येतो.


वाघोली_साइट

बांधकाम मजुरांच्या मुलांबरोबर काम करते. वरचं सगळं आमच्याकडे आहेच, शिवाय दोन गोष्टी. पत्र्याच्या खोल्यांत रेंज येत नाही, मुलं अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या जिन्यावर चढतात, आणि ते धोक्याचं आहे. दुसरं, साइट संपली की कुटुंब हलतं. गावी गेलं की सिम बंद, परत येताना नवा नंबर. शाळेच्या ग्रुपवर जुना नंबर तसाच राहतो आणि मूल कुठं गेलं ते कुणाला कळत नाही. आम्ही मुकादमाचा नंबर आणि गावाकडच्या एखाद्या नातेवाइकाचा नंबर असे दोन्ही वहीत ठेवतो. शिक्षकांना विनंती, पटावर नाव असलेलं मूल ग्रुपमध्ये गप्प झालं तर एक फोन करा.


बाणेर_टेकडी

दुरुस्तीवाले दादा, पटलं. एका जागी ठेवायचे तर जागा कुठली? वस्तीत खोली भाड्यानं घ्यायची का?


ओढ्याकाठची

जागेचं आम्ही केलंय ते सांगते. आमच्या वस्तीतल्या गणेश मंडळाची पक्की खोली आहे. गणपतीचे दहा दिवस आणि आधीची तयारी सोडली तर ती बंदच असते. वीज आहे, पंखा आहे, कुलूप आहे. पुण्यात अशी मंडळं गल्लोगल्ली आहेत. आम्ही अध्यक्षांना भेटलो, त्यांची स्वतःची पुतणी सातवीत होती, हो म्हणाले. पोरांनीच सतरंज्या झटकल्या. नेट केबलवाल्याकडून महिन्याच्या भाड्यानं घेतलं, चौघी मिळून भरतो.

आत्ता आमचे स्वतःचे दोन टॅब आहेत. दीक्षावरचे धडे त्यात उतरवून ठेवतो, उतरवलेला धडा नेट नसतानाही चालतो आणि एका फोनवरून दुसऱ्यावर देताही येतो. ग्रुपवरचा अभ्यास पाच वाजता आमच्यातली एक फळ्यावर उतरवते. त्यासाठी पालकांनी तिला आपापल्या शाळेच्या ग्रुपमधून तो पुढं पाठवायचा. हे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं.

अडचण मुलींची आली. आम्ही वेळ ठेवली होती सहा ते आठ. मुलगे यायचे, मुली येत नव्हत्या. विचारलं तेव्हा कळलं, साडेपाचला पाणी येतं, ते भरेपर्यंत सहा-सव्वासहा, मग धाकट्याला सांभाळायचं, आणि अंधार पडल्यावर त्या गल्लीतून एकटीनं यायला घरचे सोडत नाहीत. आता शाळा सुटल्यावर साडेतीन ते पाच ही वेळ फक्त मुलींची आहे, धाकट्या भावंडाला घेऊन आलं तरी चालतं. त्या वेळात टॅबला मुलगे हात लावत नाहीत. सुरुवातीला मुलग्यांनी कुरकुर केली, आता मुली गणितात पुढे गेल्यावर त्यांना शंका विचारतात.


खडूफळा

मंडळाची खोली हे मला सुचलंच नव्हतं. आमच्या शाळेजवळही एक आहे, या आठवड्यात जाऊन विचारते.

ताई, टॅबवर काय उतरवायचं याची यादी मी देते. सातवीसाठी आधी अपूर्णांक, मग पूर्णांक संख्या, मगच समीकरणं. घाईनं समीकरणांकडे गेलात तर ऋण चिन्हाशी सगळी मुलं अडकतात. आणि एक धडा दाखवला की टॅब उलटा ठेवून पाच गणितं वहीत. आजोबा, तुम्ही पर्वतीच्या बाजूला राहत असाल तर वहीतली गणितं तपासायला याल का? त्या साडेतीन ते पाचच्या वेळात एक शिक्षक शेजारी बसला तर टॅबपेक्षा मोठं काम होईल.


पुस्तकवेडा_आजोबा

सहकारनगरला आहे, चालत वीस मिनिटं. येतो. मंगळवार आणि शुक्रवार चालतील का? शिष्यवृत्तीच्या पोर्टलचं मला काही येत नाही, ते तुम्ही बघा, पण अपूर्णांक माझ्याकडे द्या.


सहावीची_आई

कलम तीन दादा, मसुदा टाका, मी सह्या गोळा करते. आमच्या शाळेत आरटीईच्या अजून चार आया माझ्या ओळखीच्या आहेत. ओढ्याकाठची ताई, इंग्लिश मीडियमची मुलगी चालते का तुमच्या वर्गाला? आम्ही दांडेकर पुलाजवळ राहतो.


ओढ्याकाठची

नक्की पाठवा, मुलींच्या वेळेत. येताना पुस्तक, वही आणि शाळेच्या ॲपचा पासवर्ड लिहून द्या, म्हणजे तुमचा फोन तुमच्याजवळच राहील आणि डायरी तिला इथं टॅबवर बघता येईल. आजोबा, मंगळवार-शुक्रवार पक्के. बाणेरवाले दादा, लॅपटॉप मिळाले तर पाच पुरेत, जास्त नकोत, खोलीत तेवढेच पॉइंट आहेत. आधी दुरुस्तीवाल्या दादांकडे जाऊ देत, बॅटऱ्यांचा खर्च किती येतो ते त्यांनी इथं लिहावं, वर्गणी काढू. लॅपटॉप आले की विजेचं बिल वाढेल, त्याचं मंडळाशी रविवारी बोलते आणि काय ठरलं ते इथं टाकते.